जुन्या गाडीला सॅडलबॅग: आधी स्टे, मग पडशी

नाना पेठेतल्या दुकानात ‘बुलेटच्या सॅडलबॅग दाखवा’ म्हटलं की काउंटरवर पहिली येते ती काळी, फुगीर, स्टीलची फुलं ठोकलेली रेक्झिनची जोडी. हात आत घाला आणि मागच्या भिंतीवर अंगठा दाबा. खळगा पडला आणि तसाच राहिला, तर आत पुठ्ठा आहे. मग पट्टा मागच्या भिंतीला जिथे जोडलाय ती जागा आतून बघा. बहुतेक वेळा दोन पॉप रिव्हेट दिसतात आणि त्यांच्यामागे वायसरही नसतो. पहिल्या जोराच्या पावसात पुठ्ठा भिजतो, भिजल्या पुठ्ठ्यातून रिव्हेट आरपार निघते आणि बॅग एका पट्ट्यावर लोंबकळत चाकाकडे झुकते. ती जाऊन टेकते सायलेन्सरवर, चेनवर नाहीतर आऱ्यांमध्ये. म्हणून या जोडीबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो: जुन्या गाडीवर ती लावू नये. स्वस्त असली तरी नको, तात्पुरती म्हणूनही नको.

हे परीक्षण दोन घराण्यांच्या गाड्यांपुरतं आहे. एक, कास्ट आयर्न इंजिनची जुनी बुलेट. दुसरी, म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा आणि येझदी, त्यात रोडकिंगही आली. पुण्यात या गाड्यांना बॅग लावायच्या तर चार प्रकार हाताशी असतात: तयार रेक्झिन, कारागिराकडून शिवून घेतलेलं चामडं, मेणाचं कॅनव्हास आणि जुन्या बाजारातली लष्करी धाटणीची कॅनव्हासची थैली. पत्र्याच्या कडक पेट्यांचा विचार इथे केलेला नाही. त्यांचं रिकामं वजनच इतकं असतं की जुन्या मडगार्डवर आणि चेसिसवर त्यांचा भार टाकणं बरोबर नाही.

मराठीत या वस्तूला जुना शब्द आहे, पडशी. घोड्याच्या पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणारी, दोन तोंडांची. घोड्याला फिरतं चाक आणि तापलेला सायलेन्सर नसतो, म्हणून तिथे ती नुसती टाकून चालायचं. मोटरसायकलवर नुसती टाकून चालत नाही, तिला आतून धरणारा लोखंडी स्टे, म्हणजे गाडीला बोल्टने बसवलेला सांगाडा, लागतो. बहुतेक लोक आवडलेली बॅग आधी घेतात आणि मग ‘कुठेतरी बांधू’ म्हणतात. क्रम उलटा हवा. आधी गाडी मोजायची, मग स्टे करून घ्यायचा, आणि स्टेवर जेवढी जागा उरेल तेवढी बॅग शोधायची.

तयार स्टे का बसत नाही

दुकानात ‘जावाचा स्टे’ मागितला तर 2018 साली पुन्हा आलेल्या नव्या जावाचा स्टे हातात पडतो. ‘येझदीचा’ म्हटलं तर 2022 नंतरच्या नव्या येझदीचा. बुलेटचंही तसंच आहे. नव्या इंजिनच्या गाड्यांची चेसिस, शॉकअपची वरची जागा आणि सीटची रुंदी, सगळंच वेगळं. दुकानदार ‘थोडं वाकवलं की बसेल’ म्हणतो. वाकवल्यावर भोकं जुळतात, पण स्टे कायम ताणाखाली राहतो आणि तो ताण सगळ्यात अशक्त जागी, म्हणजे मडगार्डच्या पत्र्यावर जातो. काही महिन्यांत भोकाभोवती केसासारखी तडा दिसायला लागते. तेव्हा दुकानात मॉडेलबरोबर गाडीचं वर्षही सांगा, आणि जमल्यास गाडीच घेऊन जा. तरीही निम्म्याहून जास्त वेळा फॅब्रिकेशनवाल्याकडूनच बनवून घ्यावं लागेल, ही तयारी ठेवा.

बनवून घेताना 12 मिमीची भरीव सळई मागायची सवय आहे. त्याऐवजी 16 मिमी व्यासाचा, 1.6 मिमी जाडीचा पाइप सांगा. सळई मीटरला सुमारे 890 ग्रॅम भरते, पाइप सुमारे 570. वजन कमी असून पाइप वाकायला सळईच्या पावणेदोन पटीहून जास्त ताठ असतो, कारण लोखंड मध्यापासून लांब, कडेला असतं. एका बाजूच्या स्टेला साधारण दीड मीटर माल लागतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जवळजवळ एक किलो वाचतो. तेवढ्यात एक लिटर पाण्याची बाटली येते.

पाइपचं टोक चपटं ठोकून त्यातच भोक पाडू देऊ नका. चपटं केल्यावर कडा पातळ होतात आणि बुलेटच्या थरथरीत बरोबर तिथेच तुटतं. टोकाला 25 मिमी रुंद, 5 मिमी जाड पट्टी वेल्ड करून घ्या, पट्टी आणि पाइपच्या कोनात छोटा त्रिकोणी तुकडा बसवा, आणि साडेआठ मिमीचं भोक पट्टीच्या टोकापासून किमान 15 मिमी आत घ्या. वेल्डिंगनंतर ग्राइंडर मारून जोड ‘गुळगुळीत’ करून देतात, तो मोह टाळा. चांगला लागलेला वेल्ड घासला की जोडाचंच मांस जातं. रंग पावडर कोटिंगचा करा. क्रोम दिसायला छान असतं, पण पाइपच्या आतून गंज येतो तो क्रोमला थांबवता येत नाही. पाइपची उघडी तोंडं वेल्डने बंद करून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी आत साठणार नाही.

तीन टेकू, आणि एक मोठी चूक

स्टेला तीन जागी पकड हवी. पहिली शॉकअपच्या वरच्या स्टडवर, दुसरी मागे मडगार्डच्या स्टेच्या किंवा गाडी उचलायच्या हँडलच्या बोल्टवर, आणि तिसरी खाली, चेसिसच्या एखाद्या ठाम जागी.

सगळ्यात मोठी चूक या तिसऱ्या टेकूपाशी होते. फॅब्रिकेशनवाल्याला वरचा शॉकअप बोल्ट दिसतो, सरळ रेषेत खाली दुसरा शॉकअप बोल्ट दिसतो, आणि तो दोघांमध्ये सरळ पट्टी टाकून मोकळा होतो. वरचा बोल्ट चेसिसवर असतो, खालचा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली होणाऱ्या भागावर. खड्डा आला की ही दोन टोकं जवळ येतात, तेच शॉकअपचं काम. मध्ये कडक पट्टी आली की शॉकअप कामच करत नाही. मग पट्टी वाकते, नाहीतर वरचा स्टड वाकतो, आणि स्टड वाकला तर खर्च आणि वेळ दोन्ही जातं.

ओळखायची रीत सोपी. गाडी स्टँडवरून काढा, एकाने हँडल धरा, दुसऱ्याने सीट जोरात दाबा. सीटबरोबर खाली जातात ते भाग चेसिसचे. चाकाबरोबर जागच्या जागी राहतात ते स्विंगआर्मचे. स्टेची तिन्ही टोकं पहिल्या प्रकारावरच हवीत. मागच्या माणसाचं फूटरेस्ट टेकूसाठी वापरायचं असेल तर त्याचीही हीच परीक्षा घ्या, कारण सगळ्याच जुन्या गाड्यांवर ते चेसिसवर असेल असं धरून चालता येत नाही.

डाव्या बाजूचा साडी गार्ड हा आपल्याकडचा खास मुद्दा. तो काढून तिथे बॅग लावावी असं वाटतं. काढू नका. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निम्मं चाक झाकणारं आवरण, धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट, ही तिन्ही मोटार वाहन नियमांतच सांगितलेली आहेत. शिवाय चेसिसला नीट धरलेला साडी गार्ड बॅगेला आत झुकू न देणारी तयार जाळी आहे. त्याच्या बाहेरून स्टे घ्या आणि दोघांमध्ये एक क्लॅम्प द्या. तो नुसता बांगडीसारखा दोन स्क्रूंवर लटकत असेल तर मात्र त्यावर भार टाकू नका.

आटे

जुन्या बुलेटवर इंची आटे असतात, जावा-येझदीवर मिमी. हा फरक न कळल्याने जेवढे स्टड खराब होतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने होत असतील. 5/16 इंचाचा बोल्ट 7.94 मिमी जाड, आठचा बोल्ट 8 मिमी. डोळ्याला एकच. पण बुलेटवर भेटणाऱ्या, इंचाला 26 आट्यांच्या सायकल थ्रेडला दोन आट्यांत अंतर सुमारे 0.98 मिमी, आणि आठच्या साध्या बोल्टला 1.25 मिमी. आठचा नट अशा स्टडवर हाताने लावून बघा: पहिला आटा सहज जातो, दुसऱ्याला थोडं अडल्यासारखं होतं, तिसऱ्याला थांबतो. इथे पाना घेतला की संपलं. नट जातो, पण आटे कापत जातो आणि पुन्हा कधी नीट आवळत नाही. बोटांनी पूर्ण न जाणारा नट पान्याने घालायचा नाही, एवढा नियम पाळा. जुना नट खिशात घालून रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जा आणि त्यावर जुळवूनच माल घ्या. तिथे मापाने बोललात तर काम लवकर होतं: ‘अडीच सूत’ (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) किंवा ‘आठचा’ एवढ्यावर थांबू नका, आटा कोणता तेही सांगा.

शॉकअपच्या स्टडवर 5 मिमीची पट्टी आली की तेवढे आटे नटाखालून जातात. नट पूर्ण बसून दोन आटे बाहेर दिसलेच पाहिजेत. दिसत नसतील तर अर्धा नट लावून वेळ मारून नेऊ नका. लेथवाल्याकडून लांब स्टड करून घ्या. पट्टी शॉकअपच्या डोळ्याच्या बाहेर, मध्ये वायसर ठेवून बसवायची. ती रबरी बुशला चेपत असेल तर बुश फिरत नाही, फाटतो, आणि गाडी मागून उगाच कडक लागते.

मडगार्डमधून जाणाऱ्या प्रत्येक बोल्टचं डोकं आत, टायरकडे, आणि नट बाहेर. उलटं लावलं तर बोल्टचं टोक आत लोंबतं, आणि दोघं बसून गतिरोधकावरून गेलं की टायरवर रेघ उमटते. मागच्या दिव्याची वायर मडगार्डच्या आतून जाते, तिच्यावर वायसर येत नाही ना हेही तेव्हाच बघून घ्या.

नवीन भोक शक्यतो पाडूच नका. सगळं क्लॅम्पने आणि मूळ बोल्टवर होतं. एरवी हा हौसेचा प्रश्न असता, पण 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल नसावा अशी अट आहे. बोल्टने लावलेला स्टे दहा मिनिटांत उतरतो. चेसिसला वेल्ड केलेला कान ग्राइंडरने कापला तरी डाग राहतो. ही नोंदणी घेतली तर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच आणता येते, हेही लक्षात ठेवा. बॅगा घेऊन कोकणात उतरायचं असेल तर आधी त्याचा विचार करा.

मापं

बुलेटला सायलेन्सर एकच, उजवीकडे. डावी बाजू मोकळी, म्हणून डावी बॅग खोल घेता येते. पण डावीकडे चेन आहे. मूळ चेनकव्हर काढलेलं असेल तर ते आधी परत बसवा. जावा-येझदीला दोन सायलेन्सर, दोन्ही बाजूंना लांबवर मागे गेलेले, त्यामुळे दोन्ही बॅगांची उंची सायलेन्सरच ठरवतो. राजदूत 350 लाही दोन्हीकडे सायलेन्सर आहेत, हिशोब तोच.

सायलेन्सरच्या वरच्या कडेपासून बॅगेच्या तळापर्यंत किमान 2 इंच ठेवा. त्याहून कमी राहत असेल तर दोघांमध्ये ॲल्युमिनियमचा एक मिमी पत्रा उभा करा, पण तो बॅगेला चिकटवू नका. पत्रा आणि बॅग यांच्यात बोटभर हवा खेळली पाहिजे, नाहीतर पत्रा स्वतःच तापून इस्त्रीचं काम करतो. ओलं चामडं 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचं आक्रसतं, आणि सायलेन्सर त्याच्या कितीतरी पुढे जातो. पावसात भिजलेली बॅग गरम सायलेन्सरच्या जवळ सुकली की तळाचा कोपरा लाकडासारखा कडक आणि आत वळलेला दिसतो. तो पुन्हा मऊ होत नाही, कितीही तेल लावा. मोजताना गाडीवर आत्ता असलेला सायलेन्सरच मोजा. जुन्या बुलेटवर मूळ सायलेन्सर क्वचितच उरलेला असतो आणि बदललेल्याचा कोन वेगळा असतो.

टायरच्या कडेपासून बॅगेच्या आतल्या भिंतीपर्यंत किमान 40 मिमी. बाहेरची कड हँडलच्या टोकाच्या बाहेर जाता कामा नये. लक्ष्मी रोडला सणाच्या दिवसांत गाडी हँडलच्या अंदाजाने घालतात, मागे काय लटकतंय ते आठवत नाही.

पुढची कड ठरवताना किकचा विचार करा. जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यात, डावीकडे. बुलेटची किक उजवीकडे. दोन्हीत पाय मागे गोल जातो. शिवाय मागे बसणाऱ्याची टाच. म्हणून बॅग घ्यायच्या आधी तिच्या मापाचा खोका पुठ्ठ्यातून कापा आणि स्टेवर दोरीने बांधा. किक पूर्ण खालपर्यंत मारून बघा. मागे माणूस बसवून पाय ठेवायला सांगा. डबल स्टँड लावा, काढा. टूलबॉक्सची झाकणं उघडा. मागच्या चाकाचा ॲक्सल बॅग न उतरवता निघतो का ते बघा. या गाड्यांना ट्यूबचे टायर, पंक्चर झालं की चाक उतरवावं लागतं आणि ते नेमकं भर पावसात ताम्हिणीत होतं. शेवटी थोडं दूर जाऊन मागून बघा: नंबरप्लेट, मागचा दिवा, इंडिकेटर असतील तर तेही, सगळं दिसायला हवं.

या तपासणीतून बहुतेक जुन्या गाड्यांवर जे माप उरतं ते साधारण 12 इंच लांब, 10 इंच उंच, 5 इंच खोल. त्यात दहा लिटरच्या आत-बाहेर सामान मावतं. 14 बाय 11 बाय 6 ची बॅग पंधरा लिटरची होते आणि मोहात पाडते, पण ती बुलेटच्या डाव्या बाजूलाच नीट बसते. जावावर ती सायलेन्सरला लागते.

चामडं

चामड्याची जोडी शिवून घ्यायची तर कारागिराची निवड बॅगेच्या फोटोवरून करू नका. घोड्याचं खोगीर, लगाम, पट्टे शिवणारा माणूस मिळाला तर उत्तम, कारण त्याला ओढ सहन करणारा टाका माहीत असतो. पर्स आणि पाकिटं करणारा कितीही सफाईदार असला तरी त्याचा टाका वेगळ्या कामाचा.

म्हशीचं, झाडाच्या सालीत कमावलेलं, पूर्ण पृष्ठभागाचं चामडं मागा. मागची भिंत आणि पट्टे साडेतीन ते चार मिमी, पुढचा भाग तीन मिमी चालतो. कापलेली कड बघणं हीच खरी परीक्षा. चांगल्या चामड्याची कड आरपार एकाच रंगाची, तंतू घट्ट. वर चकचकीत थर आणि खाली राखाडी, कापसासारखे सुटे तंतू दिसले तर ते चिरलेल्या खालच्या थरावर चढवलेलं प्लास्टिक आहे. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते पापुद्र्याने सुटतं.

दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा. नायलॉन उन्हाला लवकर हार खातो, सुती दोरा पावसाने कुजतो. इंचाला सहा ते सात टाके. दहा-बारा टाके दिसायला नाजूक, पण जाड चामड्यात इतकी जवळ भोकं म्हणजे वहीच्या पानाची फाडायची रेघच. पट्ट्यांच्या मुळाशी टाक्यांबरोबर तांब्याची रिव्हेट आणि मागे तांब्याचं वायसर. बक्कल भरीव पितळी किंवा स्टेनलेस. निकेल चढवलेलं लोखंडी बक्कल एका पावसाळ्यात चामड्यावर गंजाचा तपकिरी डाग उमटवतं. पितळेभोवती हिरवट थर येईल, तो कोरड्या फडक्याने पुसला की जातो, त्याने घाबरू नका.

मागच्या भिंतीच्या आत 4 मिमीची प्लास्टिकची शीट बसवून घ्या, पाण्याच्या टाकीच्या जातीचं कडक प्लास्टिक. प्लायवूड फुगतं. या शीटमुळे भार दोन पट्ट्यांऐवजी पूर्ण भिंतीवर पसरतो, आणि बॅग रिकामी असतानाही पोट आत जात नाही. बॅग स्टेला नुसती पट्ट्यांनी बांधण्यापेक्षा शीटमधून तीन बोल्ट काढून स्टेच्या पट्टीवर घ्या, आतून रुंद वायसर आणि थरथरीने न सुटणारा नायलॉक नट. वरचे दोन बोल्ट भार घेतात, खालचा एक झुलू देत नाही. तो तिसरा बोल्ट लोक गाळतात आणि मग तक्रार करतात की बॅग फडफडते.

बुलेटवर मनापासून शिफारस याच जोडीची. बाकी सगळ्यांपेक्षा महाग पडेल, जड भरेल, आणि सांभाळावी लागेल. पण फाटलं तर पट्टा बदलता येतो, शिवण पुन्हा घालता येते. रेक्झिनची बॅग फाटली की फेकण्यापलीकडे उपाय नसतो.

कॅनव्हास

जावा-येझदीवर मात्र आमचं झुकतं माप मेणाच्या कॅनव्हासला. पहिलं कारण वजन. दुसरं कारण टू-स्ट्रोकचा सायलेन्सर. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी गाडी शेपटाकडून बारीक काळा तेलकट फवारा सोडते, तो बॅगेच्या मागच्या-खालच्या कोपऱ्यावर बसतो. चामड्यात ते तेल मुरतं, शिवणीपर्यंत जातं आणि चामडं ढिलं पडतं. कॅनव्हासवर डाग पडतो, पण ब्रश आणि साबणाने बराचसा जातो. धुतल्यावर त्या जागी पुन्हा मेण चोळायचं.

कापड 16 ते 18 औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला साधारण साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम. याहून पातळ कापड मेणाने कडक वाटतं आणि दुकानात फसवतं. दोन बोटांत चिमटा घेऊन चोळा. मेण पांढरं पडून खाली विणीच्या जाळ्या दिसल्या तर कापड पातळ आहे. तळ दुहेरी हवा आणि तळाच्या कोपऱ्यांवर चामड्याचे कान. कॅनव्हास घासून जातं ते तिथेच.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी लष्करी धाटणीच्या थैल्या दिसतात. एक थैली, डाव्या बाजूला, पाना-पक्कड आणि ट्यूबसाठी, एवढ्यापुरती ती फार छान वस्तू आहे आणि जुन्या बुलेटवर शोभते. घेताना पट्टा दोन्ही हातांनी झटका देऊन ओढा. सुती पट्टा वर्षानुवर्षं दमट जागी पडून राहिला असेल तर आतून कुजलेला असतो, वरून काही कळत नाही, झटक्याला मात्र टर्रकन फाटतो. काळ्या ठिपक्यांची बुरशी शिवणीत असेल तर ती धुऊन जात नाही, थैली परत ठेवा.

बसवल्यानंतर

एका बॅगेत चार-पाच किलोच्या वर नको, आणि डाव्या-उजव्यात एक किलोपेक्षा फरक नको. जड सामान तळाला आणि पुढच्या बाजूला, म्हणजे ॲक्सलच्या पुढे. जड वस्तू मागे गेली की साठच्या वेगाला हँडल हलकं लागायला लागतं, आणि लोक दोष स्टिअरिंगच्या गोळ्यांना देतात. सीटवरून जाणारा पट्टा असेल तर तो सीटच्या खालून घ्या, वरून नको. मडगार्डला टेकणाऱ्या जागी जाड फेल्ट लावा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावायची पद्धत आहे, पण काळं रबर हस्तिदंती रंगावर पिवळट डाग सोडतं, आणि जावाच्या मूळ रंगावर तो डाग बघवत नाही. बॅटरीची ओव्हरफ्लो नळी कुठे सुटते तेही बघा. तिचं ॲसिड पट्ट्यावर पडत राहिलं तर पट्टा आणि शिवण दोन्ही खाल्ली जातात.

पहिली चाचणी भार घालून, जुन्या कात्रज घाटाने शिवापूरपर्यंत जाऊन परत. वळणं, चढ-उतार आणि खराब पट्टे, सगळं एका फेरीत मिळतं. निघायच्या आधी प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या पट्टीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली तो नट फिरला. आवळा. 100 किलोमीटरनंतर पुन्हा बघा. त्यानंतरही तोच नट फिरत असेल तर आवळत राहू नका, स्टे कुठेतरी ताणात आहे: बोल्ट काढल्यावर भोकं आपोआप जुळतात का, की ढकलावं लागतं, ते तपासा.

पावसासाठी बाहेरून घालायचं कव्हर फार उपयोगाचं नाही. वाऱ्याने फुगतं, आणि चाकाचा चिखल येतो तो मागच्या, उघड्या बाजूने. आत ताडपत्रीच्या कापडाची, तोंड तीनदा गुंडाळून बंद होणारी पिशवी ठेवा. बॅगेच्या तळाला दोन लहान पितळी आयलेट मारून घ्या, म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर जाईल. भिजलेली बॅग सावलीत, पंख्याखाली, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सुकवा. ते बोळे संध्याकाळी बदला, ओल तेच शोषतात. चामड्याला तेल पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या आसपास एकदा, हाताला लागेल-न लागेल इतकंच. जास्त तेल पाजलेलं चामडं सैल पडून लांबतं, आणि पट्ट्याची भोकं गोलाची लंबगोल होतात. जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल तर बॅगा उतरवून घरात, हवेशीर जागी, झाकण उघडं ठेवून टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेली चामड्याची बॅग गणपतीपर्यंत पांढऱ्या बुरशीने भरलेली निघते.